डोळ्यांनी ऐकणारा काशिनाथ

काशिनाथला हाक मारायची असेल, तर आधी त्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. पाठीमागून कितीही घसा फोडा, तो ढिम्म हलत नाही. आमच्या सुरतेच्या लिंबायतमध्ये नवे राहायला आलेले लोक त्याला माजोरी समजतात. पहिले सहा महिने मीही समजत होतो. गल्लीत तिसरं घर त्याचं, पाचवं माझं, आणि माझ्या ‘काय काशिनाथ?’ला उत्तर न देता हा माणूस रोज सकाळी सायकल काढून चालता व्हायचा. मी पालिकेच्या मराठी शाळेतला मास्तर, गल्लीतल्या निम्म्या पोरांचे कान पिळलेला. मला उत्तर न देणारा माणूस माझ्या डोक्यात जायचा.

नंतर त्याच्या बायकोनं, शोभाबाईनं सांगितलं, की त्यांना ऐकूच येत नाही. खानदेशातल्या पारोळ्याकडून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आला तो थेट मागावर. मागाच्या कारखान्याला इकडे खातं म्हणतात. एका पत्र्याखाली साठ माग, बारा तासांची पाळी, आणि आडवं सूत ओढणारे धोटे इकडून तिकडे आपटत राहणार. तेहेतीस वर्षं तो आवाज कानात घेतल्यावर कान शिल्लक राहतील कुठून? ते हळूहळू गेले. अपघात झाला नाही, रक्त आलं नाही, म्हणून कुणी साधी चौकशीही केली नाही.

पण खात्यात कानांचं काही अडत नाही. तिथं शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, आमचे खानदेशी, सगळे. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं. वीस पावलांवरून तंबाखू मागतात आणि वीस पावलांवरून नाही म्हणवून घेतात. काशिनाथ त्यात पटाईत. मराठी असो, हिंदी असो, गुजराती असो, तोंड दिसलं की त्याचं काम झालं. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा आपला ओरडून ओरडून बोलत होतो. तो हसला आणि म्हणाला, ‘सर, माले आवाज लागस नही. तोंड दखाडा, बस.’

या बोलीची एक रीत आहे, ती आधीच सांगून ठेवतो. गुपित सांगायचं असेल तर बाकीचं जग आवाज लहान करतं. खात्यातला माणूस तोंडावर हात धरतो. मालकाविषयी, मुकादमाविषयी, कुणाच्या घरच्या भानगडीविषयी काही निघालं, की तळहात ओठांसमोर आलाच. घरी आल्यावरही ही सवय सुटत नाही. आणि ज्याला ऐकायचंच नसेल त्यानं सरळ डोळे मिटायचे. मग समोरच्यानं कितीही तोंड वाजवावं, काही उपयोग नाही.

एकदा गल्लीतल्या लग्नात बँड कानठळ्या बसवत होता. मांडवाच्या त्या टोकाला नवरदेवाचा मामा जेवत होता. काशिनाथनं तोंडावर हात धरला आणि मला म्हणाला, ‘मामा म्हनी राहिना, वरन पातळ शे.’ मी जाऊन बघितलं. वरण खरंच पातळ होतं.

त्याला एकच मुलगी, गायत्री. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती सुट्टीच्या दिवशी बापाचा डबा घेऊन खात्यात जायची. दारातच उभी राहून ओठ हलवायची. आबा, आज मेथी आहे. आबा, माझा दात पडला. साठ मागांच्या धडधडाटात ती दोघं निवांत गप्पा मारायची. घरीही त्यांचं तसंच चालायचं, कारण काशिनाथनं आवाज काढला की तो इतका मोठा निघतो, की गल्ली गोळा होते. चौथीत गायत्री माझ्या वर्गात होती. मी फळ्याकडे वळलो, की ही खिडकीबाहेर बघून तोंड हलवणार आणि बाहेर काशिनाथ सायकल धरून उभा असणार. एकदा मी तिला पट्टी मारली. ती म्हणाली, ‘सर, मी बोलले नाही. तुम्हाला आवाज आला का?’ मी पट्टी टेबलावर ठेवली.

रुसली की ती बापासमोर मांडी घालून बसायची आणि डोळे गच्च मिटून घ्यायची. हा बिचारा तिच्यापुढे उकिडवा बसून ती डोळे कधी उघडते याची वाट बघायचा. उघडल्याबरोबर त्याचे ओठ सुरू व्हायचे. मी माझ्या ओट्यावरून हे बघत असे. मला मूलबाळ नाही. त्या दोघांचा मला हेवा वाटायचा, आता सांगायला काय हरकत आहे.

पोरगी हुशार निघाली. बारावीनंतर हजीऱ्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळत होता. अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिथं ‘टेक्स्टाइल’ लिहिलं. सुरतेत टेक्स्टाइल म्हटलं की समोरच्याला चार दुकानं आणि एक गाडी दिसते. ‘खोटं कुठं आहे,’ मी तिला म्हणालो. केवढी हुशारी केली असं मला तेव्हा वाटलं होतं.

ती वसतिगृहात राहायला गेली. काशिनाथनं पहिल्यांदाच मोठा फोन घेतला. साध्या फोनचा त्याला काय उपयोग, कानाला लावून खुळ्यासारखं बसायचं. व्हिडिओत मात्र ओठ दिसतात. रोज संध्याकाळी साडेसातला खात्यावरून आला, की हात-तोंड धुऊन, केस विंचरून तो फोन भिंतीला टेकवून बसायचा. फोन वाजला की पडदा उजळलेला त्याला दिसायचा, आणि मग अर्धा तास तिचं तोंड आणि याचे डोळे. शोभाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. ती म्हणायची, ‘दोघं बापलेक मुक्याने बोलतात सर, मला मेलीला काही कळत नाही.’

पहिल्या वर्षी फोन अर्धा तास चालायचा. तिसऱ्या वर्षी पाच मिनिटं. मैत्रिणी आल्यात, वर्ग आहे, उद्या करते. काशिनाथ पाच मिनिटांसाठीही केस विंचरून बसायचा.

गेल्या डिसेंबरात त्यांच्याकडे जागतिक महोत्सव ठरला. सगळं विद्यार्थीच करतात, प्राध्यापकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. तीन दिवस, तीस देशांचे तंबू, त्यांचे पदार्थ, पोशाख, नाच. आणि दुसऱ्या बाजूला जगाचे प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला एक तंबू. समुद्राची पातळी, निर्वासित, भूक, पाणी. गायत्रीकडे कापडाचा तंबू आला. जगाला स्वस्तात कपडे मिळतात ते कुणाच्या जिवावर, असा विषय. तो तिनंच सुचवला होता म्हणे.

त्यासाठी ती एका रविवारी घरी आली. बऱ्याच महिन्यांनी आली, म्हणून शोभाबाईनं पुरणाचे मांडे केले. गायत्रीनं मांडा अर्धा खाल्ला आणि बापाला घेऊन खात्यात गेली. मागांचा आवाज फोनवर भरून घेतला. काशिनाथच्या हातांचे फोटो काढले. त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर मागात गेलेलं आहे. तो हात पुढे करा, अजून पुढे, असं ती सांगत होती आणि हा खूश होऊन करत होता. चेहऱ्याचा फोटो तिनं काढला नाही. निघताना म्हणाली, ‘आबा, तुमचा जुना लाकडी धोटा मिळेल का मांडायला?’ तो धोटा नेमका गावाकडून आलेल्या पेटीत तळाशी होता. शोधून ठेवतो, म्हणाला. मग त्यानं विचारलं, आम्हाला बघायला येता येईल का? ती म्हणाली, पालकांना परवानगी नाही.

तीन दिवसांपैकी दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुजराती वर्तमानपत्र वाचत होतो. आतल्या पानावर त्या महोत्सवाची बातमी होती आणि तिच्या खाली चौकटीत लिहिलं होतं, की उद्या समारोप, पालकांनी सहकुटुंब यावं. मी चष्मा पुसून चौकट दोनदा वाचली. पोरीला ठाऊक नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं काय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. अर्जातला रकाना माझ्याच अक्षरात होता. पण मला उपकार करायची फार हौस. मी वर्तमानपत्र घेऊन काशिनाथकडे गेलो आणि म्हणालो, उद्या खाडा कर, आपण जाऊ.

तो बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिला. गुजराती त्याला ओठांवरची येते, कागदावरची नाही. मग म्हणाला, ‘सर, माले बाकी काही नको. तिनी एकदाव तिन्या मैतरनीस्ले सांगाले जोयजे, हाऊ मना बाप शे. एवढंच जोयजे.’ इतक्या वर्षांत त्यानं कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. हातात कापडी पिशवी, तिच्यात धोटा. रात्रभर खोबरेल लावून ठेवला होता, लाकूड चकाकत होतं. शोभाबाईला एका लग्नाच्या साड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या, ती आली नाही. तिनं लेकीसाठी डब्यात मांडे दिले होते, तेही पिशवीत. आधी रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. वाटेत तो दर दहा मिनिटांनी पिशवीत हात घालून धोटा चाचपत होता.

विद्यापीठाचं फाटक आमच्या शाळेपेक्षा उंच होतं. आत तीस देशांचे झेंडे. आमच्या सुरतेची पोरं किमोनो घालून कागदाचे पक्षी विकत होती, मोठाल्या टोप्या घालून मेक्सिको झाली होती. एका तंबूत टांझानियाचा एक खराखुरा मुलगा बसला होता, त्याच्यासोबत फोटो काढायला रांग होती आणि त्याचा चेहरा दमून गेला होता. पलीकडे जगाचे प्रश्न. भुकेच्या तंबूच्या दारात वॅफल खात पोरं उभी होती. निर्वासितांच्या तंबूत एक बोट होती, तीत बसून सेल्फी घेता येत होता. सगळं जग तिथं होतं. लिंबायत तिथून बावीस किलोमीटर, आणि ते पोहोचायला तंबू बांधावा लागला होता.

गायत्रीचा तंबू सगळ्यांत चांगला होता, हे मी तिच्यावरच्या रागातही कबूल करतो. आत काळ्या कापडाची एक अंधारी खोली केली होती. दोन मिनिटं आत उभं राहायचं आणि खात्याचा आवाज ऐकायचा. लोक कानांवर हात दाबून बाहेर येत आणि रंगीत चिठ्ठ्यांवर आपला अनुभव लिहून फळ्यावर चिकटवत. हृदय हेलावलं. डोळे उघडले. शब्द नाहीत. शब्द नाहीत असं लिहिणारे बरेच होते.

आम्ही आत गेलो. मी कानांत बोटं घातली. काशिनाथ मात्र अंधारात चाचपडत आवाजाच्या पेटीपाशी गेला आणि तिच्यावर त्यानं तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘सात नंबरना पट्टा ढिला शे.’ त्याला फार मजा वाटली. लोकांनी दोन मिनिटांत घाबरून पळावं, असं काही तिथं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बाहेरच्या भिंतीवर त्याच्या हातांचा फोटो होता, पुरुषभर उंचीचा. रेषा, काळे डाग, गेलेलं पेर, सगळं दिसत होतं. तो फोटोसमोर उभा राहिला आणि आपला डावा हात त्यानं त्याच्याजवळ धरून बघितला. खाली इंग्रजीत एक ओळ होती. त्यानं मला विचारलं, ‘नाव लिखेल शे का?’

ओळ होती, ‘एक अनामिक कामगार, सुरत’.

‘कामगार लिहिलंय,’ मी म्हणालो.

‘बरं शे,’ तो म्हणाला. माझ्या तोंडाकडे त्यानं जरा जास्तच वेळ बघितलं.

गायत्री तेव्हा वीसेक पावलांवर, नोंदणीच्या टेबलापाशी उभी होती. कोसाची साडी, गळ्यात ओळखपत्र. सोबत तिची मैत्रीण क्रिना, त्या तंबूची दुसरी प्रमुख. मोठ्यानं वाजणारं गाणं नुकतंच संपलं होतं आणि मैदानात एकदम शांतता होती. क्रिनानं आमच्याकडे बोट दाखवून गायत्रीला काहीतरी विचारलं. दोन म्हातारे त्या फोटोपुढे इतका वेळ काय करतायत, असंच विचारलं असणार. गायत्रीनं वळून बघितलं. आम्ही दिसल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. मग ती क्रिनाजवळ सरकली, मान जराशी खाली घातली आणि अगदी हळू आवाजात दोन वाक्यं बोलली. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. मी आपला हसून हात हलवत होतो.

काशिनाथनं हात वर केला होता, तो त्यानं खाली घेतला.

क्रिना लगबगीनं आमच्याकडे आली. चांगली पोरगी, तिचा काही दोष नाही. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. ‘नमस्ते अंकल, गायत्री तमारी बहु वात करे छे.’ गायत्री माझ्याविषयी खूप बोलते? मी चाचरलो. हिला माझ्याविषयी काय सांगितलं असेल, शिकवलं म्हणून का? माझं तोंड उघडायच्या आत काशिनाथ एक पाऊल मागे सरकला होता. पिशवी पोटाशी धरून तो गायत्रीकडे वळला. ती क्रिनाच्या मागे येऊन उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘सामान किधर रखने का?’

त्याचा तो मोठा आवाज. चार लोकांनी वळून बघितलं. गायत्रीनं मान वर केली आणि बापाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. तेव्हा मला सगळं समजलं.

मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पोरी, हा तुझा बाप आहे, मी तुझा मास्तर. चाळीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. आणि तिथं मूग गिळून उभा राहिलो. तिची अब्रू जाईल म्हणून गप्प बसलो असं सांगता येईल, पण ते पुरतं खरं नाही. त्या पोरीनं मला बाप म्हटलं होतं. खोटं असलं तरी म्हटलं होतं, आणि मला ते एक क्षण गोड लागलं. या गोष्टीची मला अजून शिसारी येते.

‘वहां टेबल पे रख दो, काका,’ क्रिना काशिनाथला म्हणाली. त्यानं धोटा नीट पुसून टेबलावर ठेवला. मांड्याचा डबा त्याच्या शेजारी ठेवला. मग तो हात मागे बांधून तंबूच्या कडेला जाऊन उभा राहिला, मुकादम आल्यावर कारागीर उभे राहतात तसा. क्रिनानं माझ्या शर्टावर एक गोल बिल्ला लावला आणि मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवून चहा दिला. गायत्री म्हणाली, ‘सर...’ आणि थांबली. मग तिला कुणीतरी बोलावलं आणि ती गेली. मी तो चहा प्यायलो.

परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. अडाजण मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. मग तोच वळला.

‘ती काय बोलनी, सांगू?’ असं म्हणून त्यानं मला ती दोन वाक्यं ओठांनी करून दाखवली, तिच्यासारखीच मान खाली घालून. नंतर आवाजात सांगितली. ‘चश्मावाळा मारा पप्पा. बाजुमां कारखानानो माणस छे, सामान लईने आव्यो छे.’ गुजराती अगदी तिच्याच थाटातली होती. बसमधला एक माणूस हसला.

मी मान वळवली.

‘माले राग नही, सर,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, ‘तिनी आवाज ल्हाना करा. तोंडवर हात धरा नही.’ त्यानं आपला तळहात ओठांसमोर धरून दाखवला. ‘खातानी रीत भुली गयी पोर.’

एवढं बोलला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईबाप गेल्याचं त्यानं मला कोरड्या डोळ्यांनी सांगितलं होतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. बिल्ला तसाच होता. मी तो काढायचाही विसरलो होतो. ‘काय लिखेल शे?’ त्यानं विचारलं. ‘अभिमानी पालक’ असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी उत्तर दिलं आणि देताना माझा हात तोंडावर गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

त्या तंबूला पहिलं बक्षीस मिळालं. त्या हातांचा फोटो वर्तमानपत्रात आला. त्याच्या खात्यातल्या कुणीतरी तो कापून पाण्याच्या माठाच्या वर चिकटवला, कारण पेर गेलेलं बोट तिथं सगळ्यांनी ओळखलं. तिथं फोटोखाली कुणाला नाव लिहायची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी गायत्री बक्षिसाची ढाल घेऊन आली. आधी माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, ओढणीशी चाळा केला. म्हणाली, ‘सर, तुम्ही आबांना काही सांगितलं नाही ना? त्यांना वाटलं असेल गर्दीत ओळखच करून द्यायची राहिली.’

‘मी काय सांगणार?’ मी म्हणालो. ‘तू तोंडावर हात धरला नव्हतास.’

तिचा उजवा हात आपोआप वर आला, ओठांपर्यंत, आणि तिथंच राहिला. पांढरीफटक पडली पोरगी. मला वाटलं होतं, तिला असं बघून मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. रकाना मी भरला होता, बिल्ला मी लावून घेतला होता. हिला एकटीला दोष देऊन मी कुठं सुटणार होतो.

ती घरी गेली तेव्हा मी मागोमाग गेलो. काशिनाथ चटईवर बसला होता. शोभाबाई ढाल हातात घेऊन कौतुकानं फिरवून बघत होती, तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. गायत्री बापासमोर मांडी घालून बसली, लहानपणी बसायची तशी. तिचे ओठ हलायला लागले. आबा. एवढं मलाही वाचता आलं. आबा, आबा.

काशिनाथनं डोळे मिटून घेतले.

ती रडली, त्याचे गुडघे धरून हलवले. मोठ्यानं बोलली, तेव्हा ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल, त्याला नाही. शोभाबाई घाबरून म्हणाली, ‘अहो, पोर काय म्हणते बघा तरी.’ त्यानं डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. गायत्री त्यानं डोळे उघडायची वाट बघत अंधार पडेपर्यंत त्याच्यापुढे उकिडवी बसली होती. मग तिची बस होती, ती गेली.

याला आता सहा महिने होतील. गायत्री रोज फोन करते, न चुकता, साडेसातला, आणि पाच मिनिटांत ठेवत नाही. मैत्रिणींना तिनं सगळं खरं सांगून टाकलं, क्रिना तिच्याशी महिनाभर बोलली नाही, असं तिनं मला कळवलं. हे आबांना सांगा, असंही म्हणाली. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. त्यानं माझे ओठ शेवटपर्यंत वाचले, मान हलवली आणि सायकल काढून कामाला गेला.

तो फोन टाळत नाही. अजूनही खात्यावरून येतो, हात-तोंड धुतो, केस विंचरतो. फोन वाजला की उचलतो. पडद्यावर पोरगी दिसते, तिचं तोंड हलायला लागतं, आणि काशिनाथ फोन भिंतीला न टेकवता कानाला लावतो. मी ओट्यावरून बघतो. त्याच्या गालाला चिकटलेला तो उजेड, त्यात ती बोलतेय, आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत मधून मधून म्हणतो, ‘हां. हां बेटा. बरं शे.’